डांबर संपतं तिथून

२०१६च्या हिवाळ्यात पुण्याजवळ मांजरी बुद्रुकच्या बाजूला मी एका विहिरीचा फोटो काढला. दगडी बांधकाम, मोटेच्या थारोळ्याची खूण अजून शाबूत, आत उन्हाची तिरीप आणि पाण्यावर शेवाळ. मी लेन्सचं छिद्र मोठं ठेवलं आणि मागचं सगळं धूसर करून टाकलं. फोटो छान आला. पाच वर्षांनी तीच विहीर पुन्हा पाहायला गेलो, तर ती सापडेना. एका सोसायटीच्या कुंपणाला लागून चिंचेचं मोठं झाड होतं. जागा हीच असावी असं वाटलं, पण खात्री होईना. घरी येऊन जुना फोटो उघडला. चिंच त्यात असलीच तर हिरवट डागासारखी होती. रस्ता कुठून जात होता, विजेचा खांब कुठं होता, शेजारच्या रानात ऊस होता की भाजीपाला, यातलं काहीच त्या फोटोतून कळत नव्हतं.

वाढत्या शहराच्या कडेचे फोटो काढायची इच्छा असेल, तर पहिली सवय मी या विहिरीपासून शिकलो ती सांगतो. मन वेधणारी वस्तू टिपून झाली की दहा-पंधरा पावलं मागं या आणि तिचा शेजार टिपा. सगळं स्पष्ट दिसेल असा. एफ ८च्या आसपासचं छिद्र ठेवा, घाई करू नका. आज जे कंटाळवाणं वाटतं, खांब, फलक, बांधावरची बाभूळ, नळाची तोटी, त्याच्याच आधारानं पाच वर्षांनी तुम्हाला ती जागा सापडणार आहे.

पुण्याच्या कडेला हे काम करायला जेवढी निकड आहे तेवढी क्वचितच कुठं असेल. २०१७ साली उंड्री, धायरी, लोहगाव, शिवणे अशी ११ गावं महापालिकेच्या हद्दीत आली. २०२१च्या जूनअखेर वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, मांजरी बुद्रुक, पिसोळी, किरकटवाडी अशी आणखी २३ आली आणि शहराचं क्षेत्रफळ सुमारे ५१८ चौरस किलोमीटर झालं. पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुन्हा बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कागदावरची रेघ अशी आत-बाहेर होत असते. जमिनीवर मात्र ती रेघ तुम्हाला रोज दिसते: एका बाजूला पेव्हर ब्लॉक आणि दुभाजकातली रोपं, दुसऱ्या बाजूला मुरमाचा रस्ता, आणि मध्ये डांबराची फाटकी किनार. मी तिथूनच चालायला सुरुवात करतो.

पुण्याला हे नवीनही नाही. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, त्यानंतर पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्या तेव्हा गावाबाहेरच वाटत होत्या. आज त्यांच्या पुढं शहर कित्येक मैल गेलं आहे. त्या वेळच्या कडेचं रूप पाहायचं असेल तर घरगुती अल्बम उघडा. कोथरूड, बिबवेवाडी, सहकारनगर इथं जुन्या काळी राहायला गेलेल्या कुणाकडेही पहिल्या स्कूटरसोबतचा, नव्या घराच्या पायरीवरचा किंवा मुलाच्या वाढदिवसाचा फोटो असतो. माणसं हसत असतात आणि त्यांच्या खांद्यामागं मोकळं माळरान, एखादी तारेची जाळी, दूरवर टेकडी. फोटो काढणाऱ्याला माळरान टिपायचं नव्हतं, ते आपोआप आलं. तुमच्या भागातल्या दहा घरांत जाऊन असे फोटो मागा, फोनवर नीट सपाट धरून त्यांची प्रत घ्या, मागं कोण उभं आहे आणि साल कोणतं ते तिथल्या तिथं लिहून घ्या. या कामाला कॅमेऱ्यापेक्षा चहाला बसायची तयारी जास्त लागते.

एक रस्ता निवडा

सगळ्या बाजूंनी वाढणारं शहर एकट्यानं टिपता येत नाही. दोन-तीन किलोमीटरचा एक तुकडा घ्या, जो तुमच्या घरापासून किंवा कामाच्या वाटेवरून तासाभरात गाठता येईल. नगर रस्त्यावर वाघोलीची बाजू घ्या, सासवड रस्त्यावर भेकराईनगर ते वडकी घ्या, सिंहगड रस्त्याला नांदेड-किरकटवाडी घ्या, हिंजवडीच्या पलीकडे माण-मारुंजी घ्या, किंवा पिंपरी-चिंचवडच्या अंगाला मोशी-चऱ्होली. सुंदर कोणता याचा विचार करू नका. जिथं तुम्ही पुढची दहा वर्षं वर्षातून चार वेळा खरोखर जाल तो रस्ता तुमचा.

निवडलेल्या रस्त्याला पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय जा. पीएमपीच्या बसचं शेवटच्या थांब्यापर्यंतचं तिकीट काढा आणि तिथून उलटं चालत या. बसथांब्यांची नावं वाचत चला. अमक्याचा मळा, तमकी वस्ती, फाटा, खाण, चौकी. हडपसरच्या बाजूला तर ‘साडेसतरा नळी’ आणि ‘पंधरा नंबर’ अशीही नावं आहेत. मळा नाहीसा होतो, नाव थांब्यावर राहतं, आणि एखाद्या दिवशी थांब्याचा पत्रा बदलला की तेही जातं. पाटी आणि पाटीमागची आजची इमारत एका चौकटीत घेण्यासारखं सोपं आणि मोलाचं काम दुसरं नाही.

घरी बसून करायची तयारीही थोडी आहे. गुगल अर्थमध्ये जुन्या सालांची उपग्रहचित्रं पाहता येतात. तुमचा तुकडा वर्षावर्षानं पुढं-मागं करून पाहा. शेततळी, ओढे, खाणी कुठं होत्या ते कळतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे, ज्यांना आपण टोपोशीट म्हणतो, त्यांत वस्त्या, विहिरी, देवळं, पायवाटा खुणांनी दाखवलेल्या असतात. हे दोन्ही शेजारी ठेवले की कुठं उभं राहायचं याची यादी तयार होते. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला ती यादी दाखवा. नकाशावर नसलेल्या दोन जागा ते हमखास सांगतात, आणि बहुतेक वेळा त्याच सर्वांत महत्त्वाच्या निघतात.

ऊन, उंची आणि लेन्स

आपल्याकडे परदेशी पुस्तकांतले प्रकाशाचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत, कारण पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडून चालतो, त्यामुळे इमारतींच्या उत्तरेच्या भिंती पूर्ण सावलीत राहतात. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतींवर चांगलं तिरपं ऊन येतं. तुमच्या रस्त्यावरची मुख्य इमारत उत्तरेकडे तोंड करून असेल, तर तिचा फोटो उन्हाळ्यातच होईल. हिवाळ्यात कितीही चकरा मारल्या तरी ती काळवंडलेलीच येणार.

ऑक्टोबरात, पाऊस नुकताच गेलेला असताना, हवा स्वच्छ असते आणि दहा-पंधरा किलोमीटरवरची डोंगररांग दिसते. लांबचं दृश्य तेव्हा घ्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरकं असतं. बांधकामाची धूळ, शेकोट्या, खडीच्या गाड्या यांचं ते मिश्रण असतं. अनेक जण ते टाळतात. मी म्हणेन, टाळू नका. या भागातल्या लोकांच्या फुप्फुसात जातं ते हेच, आणि ते फोटोत यायला हवं. भर दुपारचं उभं ऊनही कधी कधी योग्य असतं. सावली नसलेला नवा रस्ता, रोपांएवढीच उंची असलेली रस्त्याकडेची झाडं आणि डोक्यावर ओढणी घेऊन बसची वाट पाहणारी बाई हे दृश्य सोनेरी संध्याकाळी काढलं तर खोटं होईल.

साधनांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फोन चालतो. फक्त फोनचा मुख्य कॅमेरा बराच रुंद पाहतो, म्हणजे २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्ससारखा, आणि तो वर कलवला की बावीस मजली इमारत मागं पडतेय असं वाटतं. चौकटीतल्या रेघा सुरू करा, फोन काटेकोर उभा धरा. खालचा अर्धा भाग नुसत्या रस्त्यानं भरतोय अशी तक्रार येईल. भरू द्या. त्या अर्ध्या भागातच पाइपांचे ढीग, कुत्री, टपऱ्या, चिखलातले चाकांचे माग असतात. उंची हवी असेल तर उड्डाणपुलाचा पदपथ, शाळेचा जिना, टेकडी, ओळखीच्या घराची गच्ची पाहा.

लांब पल्ल्याच्या लेन्सबद्दल मात्र एक इशारा. २०० मिलिमीटरनं काढलं की कोथिंबिरीच्या वाफ्याला चिकटून तीस मजली मनोरे उभे दिसतात. असा फोटो लगेच डोळ्यांत भरतो, स्पर्धेत निवडलाही जातो. पण वाफा आणि मनोरा यांच्यात प्रत्यक्षात दीड किलोमीटर अंतर असेल, तर आपण वाचणाऱ्याला फसवतो आहोत. तो जरूर काढा, पण त्याच जागेवरून साध्या नजरेचा, ३५ किंवा ५० मिलिमीटरचा फोटोही काढा आणि दोन्ही एकत्र ठेवा.

पुन्हा तिथंच उभं राहणं

हे या कामाचं मर्म आहे, म्हणून इथं थोडा थांबतो.

आपल्या रस्त्यावर बारा जागा ठरवा. प्रत्येक जागेसाठी एक कार्ड करा. कुठं उभं राहायचं, कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर, कोणती लेन्स, तोंड कोणत्या दिशेला, चौकटीच्या डाव्या आणि उजव्या कडेला काय येतं. फोनमधले अक्षांश-रेखांशही लिहा, पण त्यांच्यावर विसंबू नका. त्यांत काही मीटरचा फरक सहज पडतो आणि तेवढ्यानं चित्र बदलतं. खुणेसाठी अशा वस्तू निवडा ज्या हलणार नाहीत: देऊळ, कालव्यावरचा पूल, जुना वड, टेकडीचा माथा. विजेचे खांब रस्तारुंदीत पहिल्यांदा हलतात, हे मी दोनदा फसून शिकलो.

पुढच्या खेपेला जुन्या फोटोची छापील प्रत हातात घ्या. जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू निवडा. समजा, देवळाचा कोपरा आणि मागच्या पाण्याच्या टाकीची कड. जुन्या फोटोत त्या दोन कडांमध्ये जेवढी फट दिसते तेवढीच समोर दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग उंचीसाठी असंच करा. फट जुळली की तुम्ही मूळ जागेच्या अगदी जवळ आहात. अमेरिकेत मार्क क्लेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणांचे फोटो ज्या ठिकाणांहून काढले गेले ती ठिकाणं शोधून पुन्हा तसेच फोटो काढले. हे फट जुळवणं त्याच जातीचं काम आहे. तिथं डोंगर आणि खडक मदतीला होते. आपल्याकडे टेकडीच फोडली जाते, त्यामुळे दोन खुणा गृहीत न धरता पाच ठेवा.

वर्षातले दोन आठवडे पक्के करा. माझे संक्रांतीचा आणि दसऱ्यानंतरचा. ऋतू तोच असला की झाडांचा, गवताचा, सावलीचा फरक निघून जातो आणि जे उरतं ते खरोखर बदललेलं असतं. पहिल्या तीन वर्षांत तुम्हाला वाटेल काही घडतच नाही. एका खेपेला पत्र्याचं कुंपण आलेलं असतं, पुढच्या खेपेला खड्डा, त्यानंतर नुसता टॉवर क्रेन. मग एका वर्षात आकाशच नाहीसं होतं. मधले कंटाळवाणे फोटो नसतील तर हा वेग कुणाला कळणार नाही.

फलकांकडेही लक्ष ठेवा. नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो क्रमांक वाचता येईल असा एक फोटो नेहमी काढा. त्या क्रमांकावरून महारेराच्या संकेतस्थळावर जमिनीचा सर्व्हे नंबर किंवा गट नंबर आणि प्रकल्प पूर्ण करायची कबूल केलेली तारीख मिळते. गट नंबर हाती आला की तुमचा फोटो एका सातबाऱ्याला जोडला जातो, म्हणजे एका रानाला, एका कुटुंबाला. वीस वर्षांनी कुणी या भागाचा इतिहास लिहायला बसलं, तर त्याला तुमच्या सूर्यास्तापेक्षा हा गट नंबर जास्त उपयोगी पडेल.

पाण्याच्या मागं जा

काय टिपायचं, असं मला नवखे विचारतात तेव्हा मी सांगतो, पाणी टिपा. इमारत सगळ्यांनाच दिसते. ती कशाच्या जोरावर उभी आहे ते पाण्यातून दिसतं.

तुमच्या रस्त्याला आडवा जाणारा ओढा शोधा आणि तो टेकडीपासून नदीपर्यंत चाला. एका दिवसात होणार नाही. वरच्या अंगाला तो ओढा असतो, मधे नाला होतो, पुढं दोन भिंतींत अडकतो, कुठं पाइपात जातो आणि वरून रस्ता जातो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला आणि काठच्या वस्त्यांत माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. ओढा किती अरुंद झाला होता हे त्यानंतर सगळ्यांना दिसलं. बाहेरच्या उपनगरांतले ओढे आज त्याच वाटेवर आहेत, म्हणून ते आत्ताच टिपायचे. कोरड्या एप्रिलमध्ये ओढ्याच्या पात्रात उतरून फोटो काढा, कुणीतरी मध्ये उभं करा म्हणजे रुंदीचा अंदाज येईल. तीच जागा पहिल्या मोठ्या पावसानंतर पुलावरून काढा. पावसात पात्रात उतरू नका, कितीही उथळ दिसलं तरी.

त्यानंतर टँकर. उन्हाळ्यात पहाटे पाच-साडेपाचला नव्या सोसायट्यांच्या फाटकाशी टँकरची रांग लागते. चालक स्टीअरिंगवर डोकं टेकून झोपलेला असतो, सुरक्षारक्षक वहीत गाडीचा नंबर लिहीत असतो, आणि वरच्या मजल्यांवर एकेक दिवा लागत असतो. हा टँकर भरतो कुठं तेही पाहा. अनेकदा तो जवळच्याच गावातल्या विहिरीवर किंवा बोअरवर भरतो. ज्या विहिरीवर ऊस उभा होता तिचं पाणी आता चाकांवरून चौदाव्या मजल्यावर जातं. विहीरमालकाशी बोला, कॅमेरा बाजूला ठेवून. तो काय सांगतो ते लिहून घ्या आणि मग विचारा की फोटो काढू का.

खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवाही असाच. शहराच्या पोटातून जाऊन तो हडपसर, लोणी काळभोरच्या शिवारात उतरतो. कालव्याच्या रस्त्यानं चालत गेलात तर एका काठाला झोपड्या, गोठे, मागच्या दारांच्या पायऱ्या, कपडे वाळत घातलेले, आणि पुढं अचानक उघडी शेतं. शहराची पुढची बाजू सजवलेली असते. कालवा तिची मागची बाजू दाखवतो.

दोघांचं घर

१९७५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये ‘न्यू टोपोग्राफिक्स’ नावाचं एक प्रदर्शन भरलं होतं. दहा छायाचित्रकारांनी नव्या वसाहती, गोदामं, मोटेल, गाड्यांचे तळ यांचे शांत, अलंकार नसलेले फोटो मांडले होते. डेन्व्हरच्या आसपास पसरणाऱ्या वस्तीचे फोटो काढणारा रॉबर्ट ॲडम्स त्यांत होता. त्या फोटोंमध्ये माणसं फार कमी दिसतात. ते जरूर पाहा, चौकट कशी शांत ठेवायची ते त्यांच्याकडून शिका. पण आपल्याकडे तसंच करू नये असं माझं ठाम मत आहे. आपली उपनगरं माणसांनी ओतप्रोत आहेत. मला त्याहून जवळचा वाटतो तो बिल ओवेन्स. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या वर्तमानपत्राचा हा छायाचित्रकार शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांत गेला, त्यांच्या स्वयंपाकघरात आणि अंगणात फोटो काढले आणि त्याखाली त्यांचेच शब्द छापले. त्याचं ‘सबर्बिया’ १९७३ला आलं.

आपल्या कडेला दोन प्रकारची माणसं भिंतीला भिंत लावून राहतात. एक ज्याचं रान इथं होतं. दुसरा ज्याचं पहिलं स्वतःचं घर इथं झालं. आपल्याकडच्या फोटोंत बहुतेक वेळा पहिल्याचा हळवेपणा येतो: एकटा म्हातारा, मागं काँक्रीट. तो खरा आहे, पण अर्धा. कर्जाचे वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेल्या जोडप्यानं वास्तुशांतीच्या दिवशी दाराला लावलेलं आंब्याच्या पानांचं तोरण हाही या भागाचा इतिहास आहे. आणि जमीन विकलेला प्रत्येक माणूस रडतोय असंही नाही. मगरपट्ट्यात तर शेतकरी कुटुंबांनीच एकत्र येऊन आपल्या जमिनीवर नगर वसवलं. तेव्हा आधी निकाल ठरवून जाऊ नका. दोघांनाही त्यांच्या दारात भेटा.

जिथं ही दोन्ही माणसं एकत्र येतात ते प्रसंग वर्षातून मोजकेच असतात, पण ठरलेले असतात. आठवडे बाजार हा त्यांतला सर्वांत सोपा. हिंजवडी-वाकडला चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड निघतं. काचेच्या इमारतींच्या शेजारून बगाड जातं आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं रस्त्याकडेला थांबून पाहतात. आषाढात ज्ञानोबांची पालखी हडपसरवरून सासवडकडे जाते. दिवे घाटातले वळणदार फोटो आतापर्यंत हजारोंनी काढले आहेत, ते सोडून द्या. घाटाच्या अलीकडे, भेकराईनगर ते वडकीच्या पट्ट्यात थांबा. वाट ठरलेली आहे, दिंड्या दरवर्षी तिथूनच जाणार आहेत, बदलतं ते त्यांच्या मागचं. फिरून तिथंच उभं राहणाऱ्याला याहून चांगली सोय कुणी केली नसती.

या सगळ्या घरांच्या भिंती ज्यांनी उभारल्या ते सेंट्रिंगवाले, गवंडी, बिगारी, सळ्या बांधणारे मात्र इमारत पूर्ण झाली की निघून जातात. पत्र्याच्या खोल्यांची त्यांची वसाहत एका दिवसात उचलली जाते आणि त्या जागी बाग होते. ती वसाहत टिपली नाही तर तिचा मागमूस राहत नाही. साईटच्या आत जायला ठेकेदाराची किंवा बांधकाम कंपनीची परवानगी लागते, हेल्मेट आणि बूट लागतात. परवानगी नसेल तर रविवारी, सुट्टीच्या दिवशी, बाहेरच्या टपरीवर बोला. माणसांना फोटो कुठं वापरणार ते सांगा. नको म्हटलं की नको. लहान मुलांचा चेहरा आणि त्यांच्या शाळेची किंवा घराची खूण एकत्र येऊ देऊ नका. आणि पुढच्या खेपेला छापील प्रत घेऊन जा. चार बाय सहाची प्रत थोडक्या पैशात होते. कितीतरी जण तो फोटो गावाकडे पाठवतात, कारण आपण कुठं काम करतो हे घरच्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

अडचणी

रस्त्यावर उभं राहून फोटो काढायला सहसा हरकत नसते, तरी पुण्याच्या कडेला संरक्षण खात्याच्या जागा जागोजागी आहेत. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, पाषाणच्या संशोधन संस्था, देहूरोडचे कारखाने, लोहगावचा हवाई तळ. फोटो काढण्यास मनाई असा फलक दिसला की कॅमेरा पिशवीत, आणि यात वाद घालू नये. ड्रोनचा मोह असेल तर ड्रोन नियम २०२१ वाचा आणि सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात येते ते आधी पाहा. विमानतळाजवळच्या भागात परवानगीशिवाय उडवणं बेकायदा आहे, आणि पोलीस वेळोवेळी बंदीचे आदेशही काढतात. मी ड्रोन वापरत नाही. दहाव्या-बाराव्या मजल्यावरची गच्ची मला पुरते, आणि सोसायटीच्या सचिवांना रीतसर पत्र दिलं तर ती मिळते. बंद पडलेल्या दगडखाणींच्या काठावर एकट्यानं जाऊ नका. वाघोलीच्या बाजूला अशा खाणी आहेत, कडा भुसभुशीत असतात आणि खालचं पाणी खोल.

साठवणुकीकडे लक्ष द्यायला मी उशीर केला. माझी एक हार्ड डिस्क अचानक बंद पडली आणि तिच्यासोबत खाणकामगारांचे दोन वर्षांचे फोटो गेले. त्यांतले अकरा परत मिळाले, तेही ज्यांना छापील प्रती दिल्या होत्या त्यांच्या घरांतून. तेव्हापासून प्रत्येक फोटो तीन ठिकाणी असतो, त्यांतलं एक ठिकाण दुसऱ्याच्या घरी. फाइलच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस, मग जागेचा क्रमांक. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली जागेची नोंद पुसली जाते, म्हणून मूळ फाइल कधी त्यावर विसंबून सोडू नका.

फोटोखालची ओळ त्याच रात्री लिहा. गावाचं जुनं नाव आणि दलालांनी दिलेलं नवं नाव, दोन्ही. तारीख, वेळ, दिशा, गट नंबर. समोर जे पीक होतं त्याचं नाव. झाडाचं नाव माहीत नसेल तर पान तोडून आणा आणि कुणाला तरी विचारा. माणसानं जे वाक्य सांगितलं ते त्याच्या बोलीत, त्याची परवानगी असेल तर. वर्षाच्या शेवटी बारा जागांचे बारा फोटो छापून एका साध्या वहीत चिकटवा आणि एक संच गावच्या वाचनालयाला किंवा शाळेला द्या. मुलं आधी आपलं घर शोधतात, मग आजोबांना दाखवायला नेतात, आणि आजोबा तुमची एखादी चूक दुरुस्त करून पाठवतात. माझ्या वहीतली विहिरीची जागा अशीच सापडली. ती चिंचेच्या अलीकडे होती, आता जिथं सोसायटीचा जनरेटर आहे तिथं.

त्या चिंचेखाली सध्या एक इस्त्रीवाला टेबल मांडतो. संक्रांतीच्या आठवड्यात पुन्हा जायचं आहे. झाडावर सकाळी साडेआठपर्यंतच ऊन असतं, नंतर समोरच्या इमारतीची सावली येते, त्यामुळे हडपसरहून सातची बस पकडावी लागेल.